वामनरावांचं वळण

वामनराव गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडावर अर्धी मिशी होती.

रहाटणीच्या हॉलवर गुरुवारी, म्हणजे आमच्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची तालीम चालली होती. कामगारांच्या नाटकात मी सुभेदार होतो. मेकअपवाल्यानं डावी मिशी चिकटवून उजवीसाठी डिंकाची बाटली उघडली होती, तेवढ्यात फोन वाजला. वामनरावांची मुलगी, सुजाता. "प्रकाशदादा, अप्पा गेले. जेवण झालं, खुर्चीत बसले, आणि…" तसाच गाडीवर बसलो आणि चिखली गाठली. जिना चढून वर गेलो तर दारात बसलेल्या बायकांनी मान वर केली. एक दचकली, दुसरीनं पदर तोंडाला लावला, आणि त्या पदरामागं रडू होतं की हसू हे मला अजून कळलेलं नाही. तोंडावरून हात फिरवला तेव्हा कारण हाताला लागलं. मयताच्या घरी अर्ध्या मिशीनं जाणारा पिंपरी-चिंचवडमधला मी पहिलाच असेन. वामनराव चादरीखाली शांत होते. उठता आलं असतं तर नक्की म्हणाले असते, "नाटकवाले, एवढी झकास एंट्री घेतलीत, आणि ती मी बघत नसताना?"

त्याला आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं हळवं बोलली, मीही हळवं बोललो. पण घरी येऊन वाटलं की आपण भलत्याच माणसाबद्दल बोललो. कारण वामनराव हरून, थकून, बिचारे होऊन गेले नाहीत. ते जिंकून गेले. सगळ्या आयुष्यात हा माणूस एकदाच भांडला आणि जिंकला. भांडण होतं एका रस्त्याच्या एका वळणासाठी. तेव्हा आज ती गोष्ट सांगतो, आणि उभा राहून सांगतो.

वामनराव गायकवाड हे वनखात्यातले निवृत्त सर्व्हेअर. वडील पिंपरीत कारखान्यात कामाला होते. मुलालाही तिथंच चिकटवायचं घरात ठरलेलं होतं, पण मुलाला भोंग्याचा कंटाळा होता. त्यानं वनखात्यात साखळी धरायची नोकरी पकडली. जमीन मोजायच्या लोखंडी साखळीचं एक टोक धरून काट्याकुट्यातून पुढं जायचं आणि साहेब ओरडेल तिथं थांबायचं, हे काम. काही वर्षांनी दुर्बिणीतून बघायचं काम त्यांच्याकडं आलं आणि ओरडायचंही. मग सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांसाठी रस्ता आखायचा होता तो या माणसानं आखला. उद्यानाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर येत्या शनिवारी तिथं तुमच्या गाड्यांची रांग लागेल आणि वामनराव माझ्या स्वप्नात येऊन भांडतील.

आमची ओळख एका टोमण्यातून झाली. रहाटणीच्या त्या हॉलखाली एक वाचनालय आहे, वामनराव तिथं पेपर वाचायला येत. चिखलीतही वाचनालय होतं, पण तिथला पंखा त्यांना पसंत नव्हता. एक दिवस ते वर आले, मागच्या खुर्चीवर बसले, आमची तालीम पाहिली आणि संपल्यावर मला म्हणाले, "तुमची राणी फुकट गेली."

"म्हणजे?"

"ती विंगेत उभी असल्यापासून मला दिसत होती. आली तेव्हा मी म्हटलं, हां, ही मघाचीच. राव, जे दाखवायचंय ते आधी दाखवायचं नाही."

मी चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये ड्रॉइंग काढतो आणि पंचवीस वर्षं नाटकं बसवतो. दोन्हीकडं मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पण त्या दिवशी मी विंगेतला पडदा चार फूट पुढं ओढला, राणी पुन्हा आत पाठवली आणि पुन्हा बोलावली… आणि आमचा तबलेवाला, जो गेले दोन महिने ती एंट्री बघत होता, त्याचा हात हवेत राहिला. मी वळून पाहिलं. वामनराव स्टेजकडं बघतच नव्हते. ते तबलेवाल्याच्या तोंडाकडं बघत होते.

त्यानंतर त्यांच्या गच्चीवर आमची बैठक बसायला लागली. संध्याकाळी पाच ते सात, दोन कप चहा, आणि वामनरावांचं रस्तेपुराण. मला तोपर्यंत वाटायचं की रस्ता म्हणजे डांबर. ते म्हणायचे, जंगलात दोन प्रकारचे रस्ते असतात, लाकडाचा आणि डोळ्यांचा. आपल्याकडच्या जंगलांतले जुने रस्ते बहुतेक लाकडाचे. भरलेली बैलगाडी खाली उतरवायची, बैलाचा पाय घसरता कामा नये, आणि लवकरात लवकर डेपोला पोचायचं, एवढाच त्यांचा हिशेब. काही रस्ते शिकारीचे. ते साहेबाला तंबूपासून मचाणापर्यंत नेऊन सोडत आणि तिथं संपत. पुढं त्याच जंगलांची उद्यानं झाली, बंदुकीच्या जागी कॅमेरे आले, पण जीपगाड्या त्याच लाकडाच्या रस्त्यांवरून धावत राहिल्या. "म्हणून तर माणसं जंगलात जाऊन धूळ खाऊन परत येतात," वामनराव म्हणायचे. "रस्त्यालाच बाहेर पडायची घाई. बघणार कधी?"

त्यांच्याकडं कव्हर नसलेलं एक जुनं इंग्रजी बाड होतं. परदेशातल्या राष्ट्रीय उद्यानांत शंभरेक वर्षांपूर्वी इंजिनिअर आणि बागा आखणारे लोक एकत्र चालत जाऊन रस्ते कसे ठरवत, याचं. खात्याच्या कपाटात ते वाळवीची वाट बघत पडलं होतं. वामनरावांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन ते तीन पावसाळे वाचलं. कठडा त्याच डोंगराच्या दगडाचा बांधायचा, म्हणजे तो बांधल्यासारखा वाटत नाही. कठड्याची उंची गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली ठेवायची. दरड कापली की तिची वरची कड गोल करायची, मग माती धरते आणि दोन वर्षांत गवत येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावरून पुढचा रस्ता दिसता कामा नये, नाहीतर माणूस डोंगर सोडून डांबरच बघत बसतो. एवढं सगळं सांगून शेवटी म्हणायचे, "पण खरा ओव्हरसिअर गवा. एवढं मोठं धूड घेऊन तो डोंगर चढतो तो सगळ्यात सोप्या चढानं. मी त्याच्या वाटेवर खुंट्या मारत गेलो. त्यानं कधी बिल लावलं नाही."

या माणसाला गाडीवर मागं बसवून चाकणला नेणं ही शिक्षा होती. एकदा त्यांना माझी कंपनी दाखवायला नेलं. मोशीपासून पुढं कंटेनरच्या मागं कंटेनर, आमची गाडी मधल्या फटीत, आणि वामनराव माझ्या खांद्यावरून भाष्य करतायत. "हा रस्ता कुणी आखला हो? … नाही, आखलेलाच नाही. हा सांडलाय." शेजारच्या ट्रेलरचा ड्रायव्हर खिडकीतून खाली बघून हसला. वामनरावांनी त्यालाच विचारलं, "भाऊ, दिवसभर काय दिसतं तुम्हाला वरून?" तो म्हणाला, "पुढच्या गाडीचा नंबर." वामनराव मला म्हणाले, "बघा. माणसाला आठ फूट उंच बसवलंय आणि दाखवताय काय, तर नंबर."

आता वळणाकडं येतो. त्यांच्या उद्यानातल्या रस्त्यावर वामनरावांनी एक जागा अशी साधली होती की रस्ता बांबूच्या गच्च बनातून चढतो, दोन्ही बाजू बंद, वर आभाळाची चिंधी. पाच-सहा मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. मग डोंगराची एक सोंड आडवी येते. रस्ता त्या सोंडेच्या काळ्या कातळाला वळसा घालतो… पुढचं मी आत्ता सांगणार नाही. त्यांनीही मला कधी सांगितलं नव्हतं. कितीदा विचारलं, तर म्हणायचे, "एकदा जाऊ."

आणि गेल्या वर्षी त्यांच्या खात्यातल्या जुन्या मित्राचा फोन आला की ती सोंड कापायची ठरतेय. मोठ्या बसेस सोडायच्या आहेत, वळणावर बसचं मागचं अंग कातळाला घासतं, एकदा पत्रा फाटलाही होता. उपाय सोपा होता. सोंड कापा, रस्ता सरळ करा. फोन ठेवल्यावर वामनरावांनी कप तसाच कठड्यावर ठेवला. चहावर साय आली. मग म्हणाले, "नाटकवाले, त्या रस्त्यावर माझं नाव कुठं नाही. उद्घाटनाच्या दगडावर सहा नावं आहेत, त्यातल्या प्रत्येकाला चढ लागला की धाप लागायची. त्याचं मला काही नाही. पण मी एवढी एकच गोष्ट केली. ती कापली तर मी काय केलं?"

म्हणून आम्ही हरकत नोंदवायची ठरवली. वामनरावांना आकडे तोंडपाठ होते, पण हात थरथरायचे. ते बोलले आणि मी शिफ्ट संपल्यावर टूलरूमच्या कॉम्प्युटरवर वळणाचं ड्रॉइंग काढलं. सोंड न कापता काय करता येईल तेही दाखवलं. कातळाच्या बाजूची उघडी गटार दगडी फरशांनी झाकायची, म्हणजे बसच्या चाकाला तीन फूट जास्त मिळतात आणि शेपूट कातळापासून सुटतं. सुरेख ड्रॉइंग झालं. मी स्वतःवर खूश होऊन ते तसंच प्रिंट केलं आणि वामनरावांच्या सहीनं पाठवून दिलं.

महिन्याभरानं कार्यालयात बोलावणं आलं. टेबलामागं मुख्य इंजिनिअर मॅडम, शेजारी दोन अधिकारी. मॅडमनी चष्मा लावला, आमचं ड्रॉइंग उचललं आणि अगदी गंभीर आवाजात वाचायला लागल्या. "सर्व मापे मिलिमीटरमध्ये. वळणाची त्रिज्या अठरा हजार, फरक चालेल अधिक-उणे शून्य पूर्णांक शून्य पाच." त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. "म्हणजे केसाएवढासुद्धा नाही. डोंगरात?" टूलरूमच्या कोऱ्या कागदावर या सूचना आधीच छापलेल्या असतात. प्रेसच्या डायसाठी, म्हणजे पत्रा दाबायच्या लोखंडी साच्यांसाठी. मी त्या पुसायलाच विसरलो होतो! मॅडम पुढं वाचत होत्या. "सर्व धारदार कडा मोडून गोल कराव्यात. आणि हे शेवटचं… रवाना करण्यापूर्वी संपूर्ण पृष्ठभागास गंजरोधक तेल लावावे."

दोन्ही अधिकारी हसून लाल झाले. एकानं विचारलं, "काका, घाटाला तेल लावायचं? मग बसेस थेट खालीच जातील." मला जमिनीत जावंसं वाटलं. एवढी वर्षं स्टेजवर काढली, पण असा हशा कधी मिळाला नव्हता, आणि तो नको त्या जागी.

वामनराव मात्र खुर्चीतून उठले. "तेल लावा की मॅडम," ते म्हणाले, "पण वळण ठेवा." हशा आणखी वाढला. त्यातच ते पुढं झाले आणि ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "आता हे दुसरं वाक्य परत वाचा. सर्व धारदार कडा मोडून गोल कराव्यात. हे या माझ्या मित्रानं चुकून लिहिलंय, पण जंगलातल्या रस्त्याचा पहिला धडा हाच आहे. आम्ही त्या अख्ख्या रस्त्यावर दरडीच्या कडा हातानं गोल केल्यात. किती पावसाळे झाले. तिथं दरड कोसळल्याची एक तरी नोंद दाखवा."

एका अधिकाऱ्यानं फाइल चाळली. पुन्हा चाळली. हसू थांबलं होतं. नोंद नव्हती. मॅडमनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा आमचं ड्रॉइंग नीट, शेवटपर्यंत बघितलं. "गटार झाकून बस वळेल असं तुमचं म्हणणं," त्या म्हणाल्या. "कागदावर सगळंच वळतं. बस आणा. घासली तर सोंड कापणार."

बस आणायला आमच्याकडं बबनआण्णा होते. मोशीच्या जुन्या गावातले, स्वतःच्या बसमधून चिखलीहून चाकणला कामगारांची ने-आण करणारे. त्यांना वळणाची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "व्हय, येतो की. रोज चौकात ट्रेलरच्या काखंतनं गाडी काढतोय आमी. ह्यो दगुड तर जागचा हलत बी न्हाई." तिकडं मॅडमनी गटारीवर लाकडी फळ्या टाकून घेतल्या. गुरुवार ठरला, योगायोगानं उद्यानालाही त्याच दिवशी सुट्टी होती. डॉक्टरांनी वामनरावांना प्रवासाला नाही म्हटलं होतं. सुजातानं गोळ्यांची पिशवी गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "ऐकणार तर नाहीतच. मग मी पण येते."

बांबूचं बन सुरू झालं आणि बसमध्ये अंधारून आलं. मॅडम पुढच्या सीटवर, वामनराव त्यांच्यासमोर, पाठ ड्रायव्हरकडं करून, उलटे बसलेले. कातळ दिसला तसा मी समोरचा दांडा धरला. एक अधिकारी दारातून बाहेर झुकून मागचं अंग बघत होता. बबनआण्णांनी खिडकीतून मान काढली, एकदा थुंकले, आणि बस इतकी हळू सोडली की फळ्यांचा एकेक करकर आवाज मोजता यावा. "हाताएवढं!" मागून अधिकारी ओरडला. "वीतभर! … चार बोटं!" मी डोळे मिटले. "थांबा!" बस थांबली. बबनआण्णा आरशाकडं बघत शांतपणे म्हणाले, "साह्यब, तुमी आत या. तुमचंच डोकं लागतंय." साहेब आत आले. बस निघाली, वळली… आणि कातळ मागं राहिला. न घासता!

मी ओरडणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण समोर…

खाली सगळी दरी होती. अख्खी, एकदम, डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत. तळाला निळं पाणी, त्यात शिरलेल्या जंगलाच्या जिभा, पलीकडं एकामागं एक पाच रांगा डोंगर, आणि मध्ये माणसानं केलेलं काहीही नाही. बबनआण्णांनी न सांगता इंजिन बंद केलं. मॅडम सीटवरून उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना ते कळलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की वामनराव अजून पाठमोरे होते. त्यांनी दरीकडं एकदाही पाहिलं नाही. ते आमची तोंडं बघत होते, एकेक करून, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कुठल्याही स्टेजवर कुणालाही करताना पाहिलेलं नाही.

बऱ्याच वेळानं मॅडम म्हणाल्या, "सोंड राहू दे. गटार झाकून घेऊ." मग म्हणाल्या, "गायकवाडसाहेब, इथं तुमच्या नावाची पाटी लावू या."

"नको," वामनराव म्हणाले. "पाटी लावली की लोक पाटी वाचतील."

परतीच्या वाटेवर बबनआण्णांनी बसमध्ये लेझीमची गाणी लावली. शहात्तर वर्षांचा माणूस सीटवर ताल धरून बसला होता, सुजाता गोळ्या द्यायचं विसरली, आणि मी मॅडमची नक्कल करून सगळ्यांना गंजरोधक तेलाची सूचना पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होतो. त्यानंतर दोन महिन्यांनी, फरशा बसवून झाल्याचा फोटो मोबाइलवर आला. तो वामनरावांनी पाहिला. पुढच्या गुरुवारी दुपारी ते जेवून खुर्चीत बसले.

गेल्या आठवड्यात सुजातानं मला बोलावलं. त्यांची खोली आवरायची होती. एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो, आमचं सगळं गच्चीवर. ती म्हणाली, "दादा, तेवढं कपाट सरकवायला हात लावा. दारातच ठेवलंय आडवं. आई होती तोवर ओरडायची. आम्ही सगळे येताजाता खांदा आपटून घेतो, आणि अप्पा म्हणायचे, राहू दे, तिथंच बरं आहे."

दार उघडलं आणि खरंच, पुढं लोखंडी कपाटाची हिरवी पाठ. दुसरं काही दिसत नाही. अंग चोरून, भिंतीला खांदा घासत मी चार पावलं गेलो, कपाट संपलं, वळलो… आणि खिडकी. भिंतभर खिडकी. चिखलीच्या वर्कशॉपचे पत्रे खाली राहिले होते, त्यांच्यावरून झाडांची हिरवी रेघ, रेघेत इंद्रायणीचं पाणी चमकतंय, आणि त्यामागं लांबवर उन्हातला डोंगर.

मी परत बाहेर आलो. पुन्हा आत गेलो. पुन्हा बाहेर आलो. सुजाताला वाटलं, दादांना दुःखानं काहीतरी झालं.

"तू जरा जिन्यापर्यंत जा," मी तिला म्हटलं. "आता आत ये. हळू ये. कपाटाकडं बघत."

मी खिडकीकडं पाठ करून उभा राहिलो. ती कुरकुरत आली, सवयीनं खांदा आपटला, "बघा, म्हटलं ना," म्हणाली, वळली, आणि थांबली. मी तिचं तोंड बघत होतो.

कपाट जागचं हललेलं नाही.